घडी घातलेली शाल

अमेरिकेत ॲन आर्बरच्या बसस्टॉपवर एक म्हातारे गृहस्थ मला रोज भेटतात. दक्षिण आफ्रिकेत पंचवीस वर्षं खासदार होते, आता इथे मुलीकडे राहतात. त्यांचे आजोबा भारतातून तिकडे गेलेले. चिडले की काठीने बर्फ टोचत बोलतात. "गोऱ्यांनी आम्हाला रंगाप्रमाणे रकान्यांत कोंबलं. ते रकाने पुसायला मी तुरुंगात गेलो. मग माझ्याच पक्षाने तेच रकाने बघून तिकिटं वाटली. त्या दिवशी पक्ष सोडला."

शनिवारी आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार केला. मंडळाचे अध्यक्ष काका माइकवर म्हणाले, "हे आपल्याच रक्ताचे. आफ्रिकेत आपल्या लोकांचं नाव काढलं यांनी." टाळ्या पडल्या. ते उठले, खांद्यावरची शाल काढून नीट घडी घातली आणि नारळासकट टेबलावर ठेवली. "मला खाणकामगारांनी निवडून दिलं. त्यांत भारतीय एकही नव्हता, आणि माझं रक्त कोणी विचारलं नाही," एवढं बोलून ते निघून गेले.

पार्किंगमध्ये काकांनी मला गाठलं. "फार ॲटिट्यूड आहे रे. बाय द वे, आडनाव काय त्यांचं? म्हणजे मूळचे कोण?"

माझा पारा चढला. "काका, चाळीस वर्षं अमेरिकेत राहून तुम्ही हेच विचारता?"

घरी ड्राइव्ह करताना तो राग माझ्यावरच उलटला. पहिल्याच भेटीत मीही त्यांना आडनाव विचारलं होतं आणि मनातल्या मनात जात लावून पाहिली होती. तेव्हा त्यांची काठी बर्फात जरा जास्तच खोल रुतली होती.