शिडीदादांची लग्नातली पॅंट

टाचणीमावशीच्या ओठांत दिवसभर दोन-चार टाचण्या धरलेल्या असत. त्यामुळे तिचं बरंचसं बोलणं ‘हं’, ‘हूं’ आणि ‘अंहं’ यांतच उरकत असे. टाचण्या काढून ती बोलायला लागली की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राही. आता काहीतरी ऐकून घ्यायची वेळ आलीय, हे त्याला कळत असे.

इमारतीच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. खोलीला रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी होती. खिडकीपाशी मशीन, मशीनला लागून इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाच्या टोकाला वन्संची वेताची खुर्ची. वन्सं म्हणजे तिची नणंद. मावशीचा नवरा गेला तेव्हा “चार दिवस सोबतीला” म्हणून आल्या, त्या राहिल्याच. वन्संचा सगळा जन्म टेलिफोनच्या ऑफिसात लोकांची कनेक्शनं जोडण्यात गेला होता. आता गुडघे साथ देत नव्हते, पण जोडायची हौस तशीच होती. सगळी इमारत त्यांना आत्या म्हणे.

लोक फोनवर कपडे मागवायला लागले तेव्हा आपलं काम बसणार, असं मावशीला वाटलं होतं. झालं भलतंच. शिवायला कपडे येईनात, पण कापायला मात्र ढीग लागला. चित्रातल्या पोरीच्या अंगावर झुळझुळणारा झगा घरी आला की त्यात घरातली दोन माणसं मावत. मग तो मावशीकडे. शेवटी लोकांनी वर न्यायचे आणि खाली आणायचे कष्टही वाचवले. पार्सलवर नाव स्वतःचं आणि पत्ता मावशीच्या खिडकीचा घालू लागले. त्यांचं बघून उरलेल्या इमारतीनेही तोच पत्ता लावला. मग कपड्यांबरोबर तवे आले, बूट आले, एकदा तर कुणाचं तरी सायकलचं चाक आलं.

आणि हे सगळं आणत असे फेक्या. कुरियरवाल्याचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं, कारण तो तेवढा वेळ थांबतच नसे. स्कूटर चालू, एक पाय जमिनीवर, तोंडाने “आत्याऽऽ!” अशी हाक, आणि हाक कानावर पडायच्या आत पार्सल खिडकीतून खोलीत. वन्सं ते झेलायला खुर्चीतून हात वर करत. बहुतेक वेळा झेल सुटे.

“अरे मेल्या, हातात देशील तर हात झिजतील का तुझे?” वन्सं ओरडत.

“थांबलो की ऑफिसातून फोन येतो, आत्या! का थांबलास म्हणून!” हे उत्तर पुढच्या वळणावरून येई.

वन्संना राग येई, पण तो फार वेळ टिकत नसे. पार्सल मांडीवर घेऊन ते दाबायचं, हलवायचं, कानाशी न्यायचं आणि आत काय आहे ते जाहीर करायचं, हा त्यांचा दिवसातला सर्वांत आवडता उद्योग होता. “हा मिक्सर. दुसऱ्या मजल्यावरचा. जुना जळला ना त्यांचा.” आणि बरोबर निघे.

एका सोमवारी फेक्याने टाकलेलं एक मऊ पार्सल थेट इस्त्रीच्या पाण्याच्या भांड्यात पडलं. वन्संनी ते उचललं तोपर्यंत वरच्या कागदावरची शाई पसरून नाव-पत्त्याचा निळा डाग झाला होता.

“आता हे कुणाचं म्हणायचं?” मावशीने टाचण्या काढून विचारलं.

वन्संनी डोळे मिटून पार्सल चाचपलं. “पॅंट आहे. कॅशियरची.”

“कशावरून?”

“अगो वहिनी, परवाच नाही का तो सांगून गेला? पॅंट मागवलीय, आली की कापून टाका, मला विचारत बसू नका.”

हे मात्र खरं होतं. पहिल्या मजल्यावरचा कॅशियर इमारतीतला सर्वांत बुटका माणूस. कुणीतरी टेप घेऊन आपल्या पायाशी बसलेलं त्याला अजिबात खपत नसे. ‘माप पाठ असू दे’ ही त्याची कायमची सूचना, आणि मावशीला ते पाठ होतंच. तिने पार्सल उघडलं. आत राखाडी लोकरीची पॅंट होती. कापड इतकं सुरेख की तिने नकळत ते गालाला लावून पाहिलं. कंबर कॅशियरच्या मापाची. पाय मात्र उलगडले ते टेबलावरून खाली गेले आणि जमिनीवर पसरले.

“बघा हो वन्सं! माणूस कुठे संपतो ते ह्या कंपन्यांना कळतच नाही.”

“काप,” वन्सं म्हणाल्या.

मावशीने कापली. दोन्ही पायांचे चांगले वीत-वीतभर तुकडे उतरवले, दुमड घातली, इस्त्री केली. संध्याकाळी कॅशियरची बायको येऊन पॅंट घेऊन गेली.

बुधवारी सकाळी दारात शिडीदादा उभे राहिले. उभे राहिले म्हणजे दाराच्या चौकटीखाली मान वाकवून उभे राहिले. ते वाचनालयात ग्रंथपाल होते. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला त्यांना शिडी लागत नसे, म्हणून हे नाव. चाळिशी उलटून गेली तरी लग्न जमलं नव्हतं. मग एक दिवस रस्त्याने जाताना चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर त्यांचं कपाळ आपटलं, आतून दुकानाची मालकीण ओला रुमाल घेऊन धावत आली, आणि आता शनिवारी त्या दोघांचं रजिस्टर लग्न होतं. “पाटी खाली लावलेली असते त्याचे असे फायदे असतात,” असं वन्सं ज्याला त्याला सांगत.

शिडीदादांच्या अंगात नवी कोरी पॅंट होती. ती त्यांच्या गुडघ्यांच्या जरा खाली येऊन थांबली होती. खाली लांबच लांब नडग्या, आणि त्याखाली चपला.

“मावशी,” ते संकोचून म्हणाले, “ही जरा लांब करता येईल का?”

वन्सं हसल्या त्या खुर्चीसकट हलल्या. “अरे बाबा, ही पॅंट आहे की पोहायची चड्डी?”

“लग्नासाठी मागवली होती हो, आत्या. माझ्या मापाची कुठे मिळतच नाही. शोधून शोधून एका जागी मिळाली. दोन महिने थांबलो, आणि काल दाराच्या कडीला अडकवलेली सापडली ती ही! चित्रात राखाडी लोकरीची होती. ही तर तपकिरी आणि कसल्याशा नायलॉनची.”

वन्संचं हसू मध्येच थांबलं. काल आलेलं पॅंटचं पार्सल, कॅशियरची तर झाली म्हणून, नाव न वाचताच त्यांनी शिडीदादांच्या दारी पाठवून दिलं होतं. मावशीच्या ओठांतल्या टाचण्या एकेक करून जमिनीवर पडल्या.

इतक्या वर्षांत मावशीने एका माणसाचं कापड दुसऱ्याच्या मापाने कधी कापलं नव्हतं. त्यातून हे कापड असं, की ते दुसरं मिळणार नव्हतं आणि शनिवार तीन दिवसांवर होता.

“ह्या कंपन्या ना,” वन्सं घाईघाईने म्हणाल्या, “मागवा एक, पाठवतात दुसरंच. सरळ तक्रार कर तू...”

“वन्सं, गप्प बसा,” मावशी म्हणाली. मग शिडीदादांकडे वळून, “दादा, तुमची पॅंट आली होती. मी ती कापली.”

“कापली म्हणजे?”

“कॅशियरची समजून.”

शिडीदादांनी हाताने हवेत आधी स्वतःची उंची दाखवली, मग कॅशियरची, आणि खाली बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच आपल्या नडग्यांकडे बघत म्हणाले, “तिला मी सांगून ठेवलं होतं, की एक दिवस तरी माझे मोजे दिसणार नाहीत.”

मावशीला ते फार लागलं. ती उठली. चिंध्यांचं पोतं तिने जमिनीवर पालथं केलं आणि त्या रंगीबेरंगी ढिगात हात घातला. सटासट चिंध्या उडाल्या, तेव्हा कुठे राखाडी लोकरीचे दोन तुकडे हाती लागले. धड होते.

“शनिवारी सकाळी पॅंट घ्यायला या,” ती म्हणाली. “आणि ही अंगातली आधी उतरवा, ज्याची त्याला द्यायचीय.”

संध्याकाळी दोघी पहिल्या मजल्यावर गेल्या. वन्सं एकेका पायरीवर थांबून हुश्श करत होत्या, पण मागे राहायला तयार नव्हत्या. दार उघडलं कॅशियरनेच. अंगात राखाडी पॅंट होती.

“द्या,” मावशी म्हणाली.

“काय द्या?”

“पॅंट. ती शिडीदादांची आहे. तुमची ही.”

कॅशियरने तपकिरी नायलॉनकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि दार थोडं लोटून घेतलं. “हे बघा मावशी, ही मी कामावर घालून गेलो होतो. आज पहिल्यांदा साहेब मला ‘बसा’ म्हणाले. आयुष्यात कधी कुठल्या पॅंटने माझी एवढी शान ठेवली नव्हती.”

“मागवताना नायलॉन मागवली होती ना तुम्ही? मग लोकर आल्यावर शंका नाही आली?” वन्संनी विचारलं.

“वाटलं, कंपनीला दया आली.”

“त्या बिचाऱ्याचं शनिवारी लग्न आहे!”

“मग त्याला ही कशी बसणार? कापलेली पॅंट वाढते का कुठे? आता ती माझ्याच मापाची झाली. कुणाच्या उपयोगाची आहे सांगा!”

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “अहो, काढा ती! नाहीतर मी बाहेर येऊन काढीन, चारचौघींत!”

दार बंद झालं. थोड्या वेळाने फटीतून एक हात बाहेर आला. हातात घडी घातलेली राखाडी पॅंट होती. वन्संनी ती घेतली, तरी हाताने ती लगेच सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने खिडकीचं खालचं दार ओढून घेतलं, वरचं तेवढं उजेडासाठी ठेवलं, आणि कामाला बसली. तुकडे नुसते शिवून भागणार नव्हतं. नडगीच्या मधोमध आडवी शिवण दिसली असती. आधी आतून बारीक टाक्यांनी जोड आणि मग वरून रफू, तोही त्याच कापडाचे धागे काढून, म्हणजे रंगात तसूभर फरक पडणार नाही. शिवणीत जाणारं कापड खालची दुमड उघडून भरून निघणार होतं. तेवढं एक नशीब.

धागे काढायचे आणि सुईत ओवायचे काम वन्संकडे आलं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना मुंगीचे पायसुद्धा दिसत. केसासारखे धागे त्या ओढत, ओवत, पुढे करत. बोलत मात्र नव्हत्या, आणि हे इतकं विचित्र होतं की मावशीचेच हात अडखळू लागले.

“बोला की काहीतरी, वन्सं.”

“काय बोलू? ‘काप’ मीच म्हटलं होतं.”

“कात्री माझ्या हातात होती.”

“आता ती पार्सलं घेणं मी बंद करते. ज्याची त्याने वर मागवावीत. मग माझ्याकडे कुणी फिरकलं नाही तरी चालेल.”

मावशीने हातातली सुई थांबवली. वन्संकडे लोक पार्सल न्यायला येत, पण पार्सल घेऊन लगेच कुणी जात नसे. चौथ्या मजल्यावरची आजारी आई कशी आहे, तिसऱ्या मजल्यावरचं भांडण मिटलं का, हे सगळं त्या वेताच्या खुर्चीपाशी कळे. मावशीला ते रोज कानामागे लागलेल्या रेडिओसारखं वाटत आलं होतं. तो बंद झालेला मात्र तिला सोसवेना.

“काही बंद करायचं नाही,” ती म्हणाली. “फक्त त्याने हातात द्यायचं.”

नेमकी तेव्हाच “आत्याऽऽ!” अशी हाक आली आणि एक पार्सल ओढलेल्या खिडकीवर धाडकन आपटून परत रस्त्यावर पडलं. दुसरंही तसंच. स्कूटर पहिल्यांदाच बंद झाल्याचा आवाज ऐकू आला. फेक्या दारातून आत डोकावला. तो चांगला मध्यमवयीन माणूस होता, कपाळाच्या वर टक्कल पडत आलेलं. दोघींनीही त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

“खिडकी का बंद, आत्या? बरं नाही का?”

“ये, ये असा पुढे,” वन्संना वाचा फुटली. “तुझ्या फेकण्याने काय झालंय ते बघ!” आणि त्यांनी त्याला पॅंट दाखवली, तुकडे दाखवले, पाण्याचं भांडं दाखवलं, शिडीदादांच्या नडग्या हाताने करून दाखवल्या. त्याच्या खिशातला फोन वाजत राहिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वन्संनी तो काढून घेतला आणि ऑफिसातल्या जुन्या आवाजात म्हणाल्या, “आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती पार्सल हातात देत आहे. कृपया प्रतीक्षा करा.” फेक्याचे डोळे पांढरे झाले आणि मग तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली.

त्यानंतर तो रोज हातात देतो, असं नाही. पण निदान टाकण्याआधी वन्संचे हात वर आहेत का, ते बघतो.

शनिवारी रजिस्टर ऑफिसच्या खोलीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त होती. शिडीदादांच्या पायांत राखाडी पॅंट पार बुटांपर्यंत पोचली होती. मोज्यांचा मागमूस नव्हता. पहिल्या रांगेतून मावशी बघत होती. उभे होते तोवर ठीक होतं. रफू हातभर अंतरावरूनही दिसत नव्हता.

पण सही करायला बसावं लागतं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. टेबल ठेंगणं, त्यापुढची खुर्ची त्याहून ठेंगणी. शिडीदादा बसले तसे त्यांचे गुडघे वर आले, पॅंट ताणली गेली आणि दोन्ही जोड बरोबर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले. डावा ठीक. उजवा... आतल्या अंगाला, तिथे शेवटचा धागा ओवताना संध्याकाळ झाली होती. तिथे ताण पडत होता का? तिने मान वाकडी केली, मग डोळे बारीक केले, मग शेजारच्या कॅशियरच्या खांद्यावरून वाकली.

साक्षीदार म्हणून आलेला कॅशियरही तिकडेच बघत होता.

“दिसतंय का हो?” मावशीने दबक्या आवाजात विचारलं.

“काय?”

“जोड!”

कॅशियरने बराच वेळ निरखून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “कुठे काय? पण कापड काय आहे, नाही?”

मावशीने तरी डोळे हटवले नाहीत. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. शिडीदादा उठून उभे राहिले, पॅंट पुन्हा सरळ बुटांवर उतरली, आणि चष्मेवाली त्यांच्या दंडाशी मान टेकवून हसत होती. मावशीने श्वास सोडला.

“आधी सही कुणी केली?” जिने उतरताना तिने वन्संना विचारलं.

“अगो, समोरच तर बसली होतीस!”

“मी उजव्या पायाकडे बघत होते.”

“तिने केली आधी,” वन्सं म्हणाल्या. “आणि त्याने करताना पेन खाली पाडलं, ते तिनेच उचलून दिलं. त्याचा हात पोचत होता, तरी.” आणि मग जिना संपेपर्यंत त्यांनी मावशीला तिच्या समोरच झालेलं ते सगळं लग्न पहिल्यापासून सांगितलं.