मागचा बंपर कोण पाहते?

सावली गावात मधुभाऊच्या वेल्डिंगच्या दुकानामागं भंगार साचते, अन् दुकानापुढं किस्से. आम्ही जुन्या जीपवाले तिथी चहा प्याले बसतो. कोणाची गाडी कोणत्या नाल्यात फसली, हे त्याच्या घरच्याआधी आमाले कळते.

औंदा माह्याच जीपचा मागचा बंपर दगडावर आपटून वाकला, अन् मले घाई होती. माही बायको शालू पहिल्या बाळंतपणाले माहेरी होती, हेमलकशाकडच्या जंगलातल्या गावात. गाव अन् दवाखाना यांच्या मधात नाला, त्यावर बुटका रपटा, म्हंजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल. पाऊस लागला का तिथी जीपशिवाय काईच चालत नाई.

*

बंपर कोणता घ्याचा, याच्यावर दुकानात सारेच शहाणे. धनराजनं जाड लोखंडाचा लावला होता. त्यावर स्टेपनी, डिझेलचा डबा, फावडं, लय रुबाब. पण बोझा सारा मागं. चढावर पुढचे चाकं हलके पडले, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच चालली, ते थेट धानाच्या बांधीत.

तिथी धानाच्या लावणीचा रोवणा चालू होता. एक बाई कंबर सरळ करून म्हणे, "भाऊ, चिखलणी झाली आमची. तुमी जा आता घरी."

*

रवीचा बंपर चमकणाऱ्या पाइपचा. तो नाल्यात फसला तवा ट्रॅक्टरवाल्यानं त्याच बंपरले दोर बांधला अन् ओढलं. बंपर आला, गाडी नाई आली. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याले कळलंच नाई. तो बंपर घेऊन गावात पोचला, अन् रवी नाल्यात बसून बोंबलत होता.

*

मी मधुभाऊले सांगतलं, चमक नको, स्टेपनी नको. शालू आत असन अन् कोणी मागून ओढलं, तर निघाला नाई पायजे. रवीचं नाव काढलं तसा मधुभाऊनं चहा अर्धाच खाली ठेवला. त्यानं साधं लोखंडी चॅनल कापलं, अन् दोन हूक सरळ गाडीच्या सांगाड्याले, चेसिसलेच कसले.

दिसाले एकदम बेढब. गावात गेलो तं सासूबाईनं तोंड वाकडं केलं. बोनेटले हळदकुंकू लावलं अन् म्हणे, "पैसा पुढून लावाचा होता. मागचा बंपर कोण पाहते?"

*

मंग एका सकाळी कळा सुरू झाल्या. शालू मागच्या सीटवर, डोकं सासूबाईच्या मांडीवर. रपट्यावर घोट्याएवढं पाणी होतं, म्हणून घातली गाडी. अर्ध्यात गेलो अन् चाक खचलेल्या काठावरून खाली उतरलं. इंजिन बंद. पाणी चढून राह्यलं होतं. साळ्यानं मागून ट्रॅक्टर आणला, हुकाले दोर बांधला. खोटं काऊन बोलू, मी लय भेलो होतो.

दोर ताणला. मागून कर्रकर्र आवाज आला. शालू दात आवळून म्हणे, "रवीभाऊचा बंपर कोणं बसवला होता?"

"बोलू नको तू."

"कोणं?"

"मधुभाऊनंच."

तिनं डोळे मिटले. गाडी हलली, थोडी तिरपी झाली, अन् मागं मागं काठावर आली. आमी उतरतो न उतरतो तं रपटा दिसेनासा झाला. दुपारी पाणी उतरलं, इंजिनई सुरू झालं, तवा पलीकडं गेलो. दवाखान्यात पोरगी झाली, दोघीई बऱ्या.

बारशाच्या दिवशी सासूबाई ताट घेऊन जीपपाशी आल्या. मी बोनेट पुसून ठेवलं होतं. त्या बोनेटपाशी थांबल्याच नाई. मागं गेल्या, पदर खोचून वाकल्या, अन् चिखलानं भरलेल्या दोनी हुकाले कुंकू लावलं.