ओव्हरड्राइव्हची वायर आणि भाऊसाहेब

गाड्यांची वायरिंग करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक स्वतःच पक्कड घेऊन बॉनेटमध्ये घुसतात आणि मग निस्तरायला आपल्याकडे येतात. पण १९८०च्या आसपास वणीच्या आबांची जुनी विलायती गाडी आणि त्यांचे मेहुणे भाऊसाहेब यांनी माझं डोकं जेवढं फिरवलं, तेवढं कोणीच नाही.

त्या गाडीच्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह होता. टॉप गिअरमध्ये बटण दाबलं की तो विजेवर लागतो; गाडी त्याच वेगात धावते आणि इंजिन निवांत होतं. त्याची वायर उंदरांनी खाल्ली. भाऊसाहेबांनी नवी जोडली, ती थेट ब्रेकलाइटला! म्हणजे ब्रेक दाबला की ओव्हरड्राइव्ह लागायचा आणि इंजिनची पकड सुटायची.

आबा नाशिकला माझ्या दुकानात आले. "चांदवडच्या घाटात ब्रेक दाबला का गाडी अजून मोकळी सुटती."

मी सोबत आलेल्या भाऊसाहेबांना विचारलं, "तिथे का जोडली?"

"वायरीचा रंग सारखा होता."

माणसं मेली असती, आणि हे रंग सांगतात!

मी सगळं नव्याने केलं. फ्यूज, रिले, डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्ह लागला की पेटणारा लाल दिवा. शिवाय गिअरबॉक्सवर एक स्विच, टॉप गिअरशिवाय करंट जाऊच नये म्हणून. कारण ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली तर तो आतून फुटतो. हे सगळ्यांना बजावून सांगितलं. गाडी आबांच्या पत्नी मालतीकाकू चालवायच्या. त्यांनी नीट ऐकलं. भाऊसाहेब पान लावत होते.

काही दिवसांनी भाऊसाहेब हजर. "तुमचं काम कच्चं हाय. पहिल्या गिअरला बटण चालत नाय."

"चालू नये म्हणूनच स्विच लावलाय."

"मग बटण दिलं कशाला?"

मी हातातला चहा तसाच ठेवून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

मग आबांच्या नात्यातलं चांदवडचं लग्न. मलाही आमंत्रण होतं. वरातीत काकू गाडी चालवत होत्या. मागे नवरदेव, काकूंशेजारी फेटा बांधलेले भाऊसाहेब. गल्लीत समोर बैलगाडी आली. गाडी मागे घेणं भाग होतं. काकूंनी गिअर काढला, बटण बंद केलं, तरी लाल दिवा पेटलेलाच.

"भाऊ, वायरीला हात लावला का?"

"स्विच, बटण सगळं सोडून डायरेक्ट केली, ताई. आता सगळ्या गिअरला चालती."

मी गाडीच्या बाजूने चालत सगळं ऐकत होतो. तोंडात शिवीच आली होती. काकूंनी शांतपणे गाडी बंद केली, किल्ली काढून पदराला बांधली.

"उतर. मागं ढकल."

"ताई, वरात हाय. लोक काय म्हणतील?"

"ढकल."

भाऊसाहेब उतरले, पुढे गेले आणि ढकलू लागले. गाडी हलेना. फेटा सुटून गळ्यात आला. ते पाहून नवरदेव बिचारा दार उघडून उतरायला लागला.

काकू आरशात बघत म्हणाल्या, "तू बस रे. भाऊला तुझंही वजन ढकलू दे."