रतिलाल सर पाणी पिऊ देत नसत

आमच्या फुटबॉल क्लबात ट्रॉफ्या काही साठल्या नाहीत, किस्से मात्र ढिगाने साठले. मॅच हरली की एक किस्सा, जिंकली की चुकून जिंकली म्हणून दोन. नंदुरबारला ग्राउंडशेजारी चहाची टपरी आहे. तिथे आम्ही जुने खेळाडू संध्याकाळी टेकतो आणि कुणीतरी म्हणतंच, "सरांचा तो किस्सा सांग रे." सांगणारा बहुतेक मीच असतो. मी या क्लबाचा गोलकीपर होतो. गोलकीपरला मॅचमध्ये उभं राहून बघण्यापलीकडे फारसं काम नसतं, आमच्या टीमचा असेल तर जास्तच असतं, पण बघितलेलं लक्षात राहतं.

सगळे किस्से हसण्याचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

*

सर म्हणजे रतिलाल पाटील, तापीकाठच्या प्रकाशा गावचे. घरची केळीची बागायत. तापीच्या वाळूत खेळून पाय असे तयार झाले की मुंबईच्या एका कंपनीच्या टीमने उचलून नेलं. सर तिथे स्टॉपर म्हणून खेळले. समोरचा फॉरवर्ड कितीही मोठा असो, सर त्याला पुढे जाऊ देत नसत. बॉल गेला तर माणूस जायचा नाही आणि माणूस गेला तर बॉल जायचा नाही, असा हिशोब.

मग एका मॅचला गुडघा सुजला. तिथल्या कोचने दुखणं मारायची सुई टोचायला लावली आणि तसंच खेळायला उतरवलं. पुढच्या मॅचलाही तेच. सीझन संपला तेव्हा गुडघाही संपला होता. कंपनीने हार घातला, घरी पाठवलं.

सर प्रकाशाला एसटीतून उतरले, तेव्हा त्यांचे वडील ओट्यावर बसले होते. मुलाला लंगडत येताना त्यांनी शांतपणे पाहून घेतलं आणि अहिराणीत विचारलं, "बॉलना मागे पयत गया, लंगडत उना. मंग बॉल कोठे शे?"

सर हा किस्सा स्वतः सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आम्ही हसावं की नाही, ते कळायचं नाही.

*

शेतीत सरांचं मन लागेना. नंदुरबारला येऊन ते आमचे कोच झाले. आमचं ग्राउंड म्हणजे मिरचीच्या पथाऱ्यांना लागून. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मैदान. सीझनला वारा आला की दोन्ही टीम खोकत खेळायच्या.

एकदा धुळ्याची टीम आली होती. त्यांच्या हाफबॅकने बॉल असा भिरकावला की गोललाईनपलीकडे थेट पथारीत. मजूर बाईने तो परत फेकला, आम्ही कॉर्नर घेतला आणि आमच्या राजूने उडी मारून मस्त हेड मारला. गोल! पण राजू गोल बघायला उरलाच कुठे? डोळे धरून लोळत होता. बॉलला मिरची चिकटलेली.

राजू पाणी मागत होता. सर लाईनवरून म्हणाले, "डोया हाफटाइमले धुई ले."

त्यानंतर धुळ्याच्या एकाही पोराने मॅच संपेपर्यंत डोकं बॉलजवळ नेलं नाही. आम्ही एक-शून्यने जिंकलो. राजू पुढे दोन दिवस दारातल्या शेळीलाही ओळखत नव्हता.

*

पाणी हा सरांचा खास विषय. खेळताना पाणी प्यायचं नाही, हा नियम. पाणी प्यालं की पोट जड होतं, माणूस ढिला पडतो, असं त्यांना मुंबईच्या त्याच सुईवाल्या कोचने शिकवलं होतं. त्याने सरांचा गुडघा खाल्ला, पण त्याची शिकवण सरांनी देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी सांभाळली. माणसं अशीच असतात. ज्याने मारलं त्याचंच ऐकत राहतात.

प्रॅक्टिसच्या वेळी सर पाण्याच्या ड्रमवर बसायचे. खरोखर बसायचे, झाकणावर.

एकदा एका पोराचे वडील गार पाण्याचा थर्मास घेऊन आले. सरांनी ग्राउंडच्या कडेच्या कडुलिंबाच्या झाडाकडे बोट केलं. म्हणाले, "ते निमले टाका, भाऊ. त्याले पयनं नही शे."

आणि त्या वडिलांनी खरंच झाडाला पाणी घातलं, हो! सरांचा दराराच तसा होता. टपरीवर या किश्श्याला आजही हशा पिकतो. मी आता हसत नाही.

*

सायसिंग पावरा आला तो होस्टेलमधून. धडगावच्या वरच्या बाजूचं डोंगरातलं गाव, इथे कॉलेजला होता. आई-वडील वर्षातले बरेच महिने गुजरातला कामाला. पोरगा बोलायचा कमी. बूट दिले तर ते त्याने होस्टेलमध्ये जपून ठेवले आणि अनवाणीच आला.

पण पळणं असं की काय सांगू. उजव्या कडेने निघाला की आम्ही फक्त बघत राहायचो. सर कुणाचं कौतुक करत नसत. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र ड्रमवरून उठून उभे राहिले. एवढंच त्यांचं सर्टिफिकेट.

शहाद्याच्या मॅचमध्ये त्यांचा फुलबॅक, चांगला तगडा गडी, सायसिंगच्या मागे धावून धावून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रेफ्रीला म्हणाला, "साहेब, ह्याला ऑफसाइड द्या ना."

रेफ्री म्हणाला, "ऑफसाइड नाहीये तो."

"मग कशाचंही द्या."

सायसिंग त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसला. त्याचे दात एवढे शुभ्र आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं.

*

हा पुढचा किस्सा टपरीवर कुणी सांगत नाही. मी त्या दिवशी सुरतेला लग्नाला गेलो होतो, त्यामुळे पाहिलेला नाही, ऐकलेला आहे, आणि तोही स्वतः सरांकडून.

मे महिना. टूर्नामेंट तोंडावर आलेली आणि सरावाची मॅच आमची टीम वाईट हरली होती. सरांनी शिक्षा म्हणून भर दुपारी राउंड मारायला लावले. नंदुरबारचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे कुत्रीसुद्धा गटारीत बसतात. सायसिंग सगळ्यांच्या पुढे होता. मग मधे आला, मग मागे पडला. सरांपाशी येऊन म्हणाला, पाय दगडासारखे झालेत, पाणी द्या. सर ड्रमवर बसले होते. त्यांना वाटलं, नाटक करतो. म्हणाले, राउंड संपू दे.

तो पळाला. कडेने वळताना पडला आणि उठला नाही. संध्याकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला.

कागदावर उष्माघात आलं. पण तिथल्या एका डॉक्टरने सरांना बाजूला घेऊन समजावलं. रक्त तपासलं होतं. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक होता तो. आपल्या डोंगरातल्या पुष्कळ लोकांत असतं हे. असा माणूस एरवी चारचौघांसारखा धावतो, खेळतो, काही होत नाही. पण अशा उन्हात, पाण्याविना, न थांबता पळवला तर रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन अडकायला लागतात. सरांनी विचारलं, पाणी दिलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, पाणी द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सायसिंगचे वडील गुजरातहून आले. वनसिंग नाव. सिमेंट लागलेल्या कपड्यांनिशी आले होते. त्यांनी विचारलं, काय झालं? सर म्हणाले, ऊन लागलं.

एवढंच बोलले. खोटं नाही आणि खरंही नाही. सरांचं पुढचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत अडकून पडलं. त्या बापाला खरं सांगायचं, एवढं एकच काम त्यांना उरलं होतं आणि तेच त्यांच्याने होत नव्हतं.

मला सरांचा भयंकर राग आला होता. आजही आहे. त्यांनी शिट्टी माझ्यापुढे आणून ठेवली, म्हणाले, तू घे, मी संपलो. मी म्हटलं, संपून कसं चालेल सर, बाकीच्या पोरांना आता कोण सांभाळणार, तुम्हीच सांभाळा. रागानेच म्हटलं होतं. त्यांनी ते खरंच ऐकलं.

*

मग सर पाण्याचे वेडे झाले. ड्रम होता तिथे ड्रमांची रांग लागली. नवीन पोरगा आला की आधी रक्त तपासून आण, मग बॉलला पाय लाव. प्रॅक्टिसमध्ये दर थोड्या वेळाने शिट्टी वाजवायची आणि प्रत्येकाला समोर उभं करून पाजायचं. पोरं कंटाळून तोंडात पाणी धरून ठेवायची आणि मागे जाऊन थुंकायची. सर तोंड उघडून दाखवायला लावायचे.

एका टूर्नामेंटला तर कहरच केला. मॅच चालू, समोरची टीम अटॅकला आलेली, आणि सर बादली घेऊन लंगडत थेट ग्राउंडमध्ये! आमच्या लेफ्टबॅकने कपाळ पुसलेलं त्यांना दिसलं होतं. पब्लिक लोटपोट. रेफ्रीने धावत येऊन त्यांना पिवळं कार्ड दाखवलं.

सर म्हणाले, "आखो एक द्या. पन त्याले पेवू द्या."

रेफ्रीने दिलं. पाणी पाजल्याबद्दल बाहेर काढलेला कोच तुम्ही पाहिला नसेल. आम्ही पाहिला. कंपाउंडच्या जाळीपलीकडून तो आम्हाला पाणी पिण्याच्या खुणा करत होता. पब्लिक हसत होतं आणि मला गोलमध्ये उभ्या उभ्या रडू येत होतं.

*

दर होळीला सर सायसिंगच्या गावी जायचे. होळीला कामावर गेलेली सगळी माणसं डोंगरात परत येतात, वनसिंगही यायचा. सरांना गुडघ्यामुळे गाडी चालवता येत नाही, म्हणून मी न्यायचो.

शहादा सोडलं की सर माझ्या पाठीमागे बसून वाक्य पाठ करायला लागायचे. अगदी शुद्ध मराठीत. "वनसिंगदादा, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे." घाट चढेपर्यंत हेच. एकदा म्हणायचे, आधी हात जोडतो, मग बोलतो. पुन्हा म्हणायचे, नको, हात जोडले तर बोलता येणार नाही.

पोचलं की वनसिंग खाट टाकायचा. सायसिंगची आई मक्याच्या भाकरी करायची. मग ती दोघं समोर बसायची आणि वनसिंग म्हणायचा, गुरुजी, आमचा पोरगा कसा खेळायचा ते सांगा. सर सांगायचे. कुठून बॉल घ्यायचा, कसा वळायचा, फुलबॅक कसे दमायचे. सांगता सांगता उठून उभे राहायचे, दुखऱ्या पायाने करून दाखवायचे. आई तोंडाला पदर लावून ऐकायची. मग उन्हं उतरायची आणि आम्ही निघायचो.

 एका वर्षी परतीच्या घाटात मीच न राहवून म्हटलं, सर, पुढच्या खेपेला मी सांगू का?

"तू गाडी चालाड," सर म्हणाले.

*

यंदाच्या होळीला सरांनी वाटेत काहीच पाठ केलं नाही. मला वाटलं, सोडला नाद.

खाट टाकली गेली. वनसिंगने नेहमीप्रमाणे विचारलं, पोरगा कसा खेळायचा? आणि सर खाटेवरून खाली जमिनीवर बसले. ते शुद्ध मराठी वाक्य कुठल्या कुठे गेलं. म्हणाले, "दादा, मी तुले खोटं सांगं व्हतं. त्यानी मन्हाकडे पानी मांगं. मी दिधं नही. मी ड्रमवर बशेल व्हतू."

डॉक्टर काय म्हणाले, तेही सांगितलं. रक्ताचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, काही ठेवलं नाही. मी गाडीजवळ उभा होतो. मला वाटलं, आता कुऱ्हाड निघेल, आणि खरं सांगतो, निघाली असती तर मी मधे पडलो असतो की नाही, मला माहीत नाही.

सायसिंगची आई चुलीपुढून उठली नाही. वनसिंगने सरांना दंडाला धरून उठवलं आणि परत खाटेवर बसवलं.

"माहीत आहे गुरुजी," तो म्हणाला. "माती देताना होस्टेलच्या पोरांनी सांगितलं होतं."

  मीच पुढे होऊन विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही बोलला कसे नाहीत?

वनसिंगने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोललो असतो तर गुरुजी परत आले नसते. आम्ही दोघं कायम कामावर. त्याला खेळताना आम्ही एकदाही पाहिलं नाही."