सात नंबरचे तीन ठोके

फोनवर ‘भाऊसाहेब सात नंबर’ असं नाव उमटलं आणि मी तो कापला. नाशिकच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तोंडी परीक्षा चालू होती, समोर एक घाबरलेली मुलगी बसली होती, हे खरं. पण फोन कापायचं कारण ते नव्हतं. दर आठवड्याला भाऊसाहेब एकच विचारायचे, ‘‘मॅडम, सातचं काय ठरलं?’’ आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. त्या दिवशी मला त्या प्रश्नाचाच कंटाळा आला होता. तासाभराने उलटा फोन लावला, तर त्यांच्या पत्नी, सुमनताई, बोलल्या. ‘‘गेले वो ते. सकाळीच, चहा घेता घेता... तुमचा नंबर वर व्हता, म्हनून तुम्हालाच आधी लावला.’’ याला दीड महिना होऊन गेला. तो कापलेला फोन अजून माझ्या हातातून सुटत नाही.

चांदवडच्या पलीकडच्या पठारावर जुन्या पवनचक्क्यांची एक रांग आहे. पवनचक्की साधारण वीस वर्षांच्या हिशेबाने उभारतात. ती मुदत भरत आली की मालकापुढे प्रश्न येतो, उतरवून भंगारात घालायची की आणखी काही वर्षं चालवायची? चालवायची तर ती धडधाकट आहे हे कुणीतरी पुराव्यानिशी सांगावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं. खांबांना सेन्सर बसवायचे, यंत्राची थरथर नोंदवायची आणि तिच्यात कुठं दुखणं लपलंय का ते शोधायचं. भाऊसाहेब तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. उभारणीच्या वेळी मजूर म्हणून आले आणि बघून बघून सगळं शिकले. सात नंबरच्या पवनचक्कीचे बुडाचे बोल्ट त्यांनी स्वतः आवळले होते. ‘‘बाकीच्या मालकाच्या, ही माझी,’’ असं ते मालकाच्या माणसांसमोरही बिनदिक्कत म्हणायचे.

पहिल्या दिवशी माझा सेन्सर तळहातावर घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. ‘‘ही एवढीशी डबी वीस वर्षांचं दुखनं सांगनार?’’

‘‘सांगेल की.’’

‘‘मग एक माझ्या बी छातीला चिकटवा.’’

आम्ही दोघंही हसलो होतो. गेल्या वर्षीपासून ते शिडीच्या निम्म्यावर थांबायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘वय झालं, दुसरं काय!’’ लोखंडाची बारीकशी कुरकुर मी जपून ठेवत होते, आणि या माणसाची धाप डोळ्यांनी बघूनही एवढं विचारून मोकळी झाले. त्यांना गाडीत घालून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. नेलं नाही.

त्यांची एक सवय होती. सकाळी कामावर आले की मोठा पाना घेऊन सात नंबरच्या खांबाच्या बुडाशी तीन ठोके मारायचे. दोन जोरात, तिसरा हलका. मग कान लावून उभे राहायचे. माझ्या नोंदींत रोज त्या वेळी तीन उंच रेघा उठायच्या. माझ्या लेखी तो कचरा. तो आपोआप वेगळ्या फाइलीत टाकायची सोय मी संगणकात केली आणि तीन वर्षं विसरून गेले. पुढं त्यांची यायची वेळ मागेपुढे व्हायला लागली, ठोके गाळणीतून निसटायला लागले, आणि एक दिवस माझा तोल गेला. ‘‘भाऊसाहेब, तुमच्या ठोक्यांनी माझं सगळं मोजमाप नासतंय. बंद करा ते!’’

त्यांनी पाना खाली ठेवला. ‘‘बरं. तुम्ही शिकलेल्या मान्सं. पर तिला सवय हाय वो...’’ दुसऱ्या दिवसापासून एकही ठोका पडला नाही. शब्दाचे पक्के होते.

अहवाल मात्र अडकला तो अडकलाच. शंका होती नेमकी बुडाच्या बोल्टांची. वारा रोज वेगळा, थरथर रोज वेगळी, त्यातून बोल्ट सैल होतायत का हे काही केल्या उमजेना. तेराव्याला जाऊन आले, त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी ती कचऱ्याची वेगळी काढलेली फाइल उघडली. का, ते सांगता येणार नाही. बहुधा त्यांचा आवाज शोधत होते. तीन वर्षांच्या सकाळी तिथं ओळीने बसल्या होत्या. जागा तीच, हात तोच. घंटेवर टोला पडल्यावर मागे नाद राहतो, तसा प्रत्येक ठोक्यामागे खांबाचा नाद होता. बोल्ट सैल झाले असते तर तो बदलला असता. तीन वर्षांत तो बदलला नव्हता. मला जे हवं होतं ते हा माणूस रोज सकाळी देत होता, आणि शेवटचं वर्ष कोरं होतं, कारण मीच त्याला गप्प केलं होतं. रडूसुद्धा धड आलं नाही, इतका शीण आला होता.

आता एकदा तरी ठोके हवे होते. पाना मागायला मी सुमनताईंकडे गेले. त्यांनी तो जुन्या शर्टात गुंडाळून ठेवला होता. ‘‘मी बी येते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जल्मभर सात सात ऐकलं, जवळून कधी पायली नाय.’’

आग्रा रोडला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रखडत आम्ही पठारावर पोचलो. चक्की थांबवून घेतली होती. मी समजावलं, दोन जोरात, मग एक हलका. सुमनताईंनी चमकून पाहिलं.

‘‘घरी दारावर बी असंच वाजवायचे ते. म्हंजे मला कळायचं, हेच आले.’’

पाना त्यांनी माझ्या हातातून घेतला. दोन जोरात. मग थांबून, एक हलका... माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर तोच नाद उमटला, जुना, जसाच्या तसा. सात नंबर ठणठणीत होती. सुमनताई खांबाला हात लावून उभ्या होत्या. कुणी दार उघडणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

गेल्या आठवड्यात अहवाल पाठवला. ठोके कुणाचे, तेही नाव घालून लिहिलं. मालकाचं उत्तर अजून नाही, आणि पाठपुरावा करायचं त्राण माझ्यात फारसं उरलेलं नाही. पण सोमवारी सकाळी फोनवर ‘भाऊसाहेब सात नंबर’ उमटतं आणि मी पहिल्या रिंगला उचलते.

‘‘मॅडम, सातचं काय ठरलं?’’ सुमनताई विचारतात.

‘‘अजून नाही ठरलं, ताई.’’

‘‘बरं. पुढल्या सोमवारी इचारते.’’