मुकीचा भाव

जुनी गाडी विकायला आली की तिच्या सीटखाली काय काय सापडतं. चिल्लर, हेअरपिना, कुठल्यातरी देवाच्या प्रसादाची पुडी, लहान मुलाचा एकच बूट. गाडी विकली जाते, या वस्तू मागे राहतात. पप्पा त्या टाकून द्यायचे नाहीत, एका डब्यात ठेवायचे. किस्स्यांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण साचतात.

धुळ्यात आग्रा रोडला आमचा जुन्या गाड्यांचा बाजार होता. बाजार म्हणजे एक पत्र्याचं शेड, समोर मोकळी जागा आणि तिथे उभ्या आठ-दहा गाड्या. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचे. आता त्या जागेवर चार्जिंग स्टेशन झालंय. रिक्षातून जाताना मी अजून मान वळवून बघते. शेडच्या जागी हिरवे दिवे लागतात!

हे सगळे किस्से तिथले, आणि एकाच गाडीचे.

*

ती गाडी पप्पांनी जळगावच्या एका डॉक्टरांकडून घेतली. पांढरी, इलेक्ट्रिक, ओरखडासुद्धा नाही. डॉक्टरांना जास्त लांब धावणारी नवी हवी होती. पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि त्या हंगामाचं जवळजवळ सगळं भांडवल तिच्यात घातलं. "आता हेच चालणार आहे," म्हणाले.

माझे आजोबा, म्हणजे आबा, पूर्वी बैलबाजारात दलाल होते. बैलाचं वय दात बघून सांगायचे. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि विचारलं, "हिना दात कोठे शेतस?"

मग आमचे मेकॅनिक सलीमचाचा आत बसले. बटण दाबलं. काहीच आवाज नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. "भाऊ, सेल्फ गया इसका!" असं ओरडत त्यांनी पाय हलवला, आणि गाडी सरळ जाऊन पाण्याच्या पिंपाला टेकली. पिंप आडवं!

ती पहिल्यापासून चालूच होती.

आबा म्हणाले, "मुकी शे व ही!" मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी चार माणसांत बोलत नाही म्हणून घरात मलाही हेच नाव होतं. "आते दोन मुक्या व्हई ग्यात!"

*

सलीमचाचांची गाडी तपासायची एक पद्धत होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतात तसंच. मग सांगायचे, वॉल्व्ह वाजतोय की बेअरिंग.

मुकीचं बॉनेट उघडून त्यांनी तेच केलं. बराच वेळ झाला. चाचा हलेनात. पप्पा काळजीत पडले.

"काय ऐकू येतंय चाचा?"

चाचांनी डोळे उघडले. "अपने ही दिल की धडकन आ रही है भाऊ!"

*

आमच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, इलेक्ट्रिक गाड्यांची नवी शोरूम उघडली. पप्पा एवढे खूश झाले की उद्घाटनाला पेढे घेऊन गेले. "गिऱ्हाईक इलेक्ट्रिकचं नाव घेत इथवर येईल. नवी परवडली नाही की रस्ता ओलांडेल."

गिऱ्हाईक आलं. पण रस्ता उलट्या बाजूने ओलांडायला लागलं! आमच्याकडे मुकीचा भाव विचारायचं, समोर जाऊन नवीचा विचारायचं आणि तिकडेच राहायचं. नवी गाडी दर थोड्या दिवसांनी स्वस्त व्हायची आणि एका चार्जिंगमध्ये आणखी लांब जायची. मुकी होती तिथेच. मग तिचा भाव खाली आणावा लागायचा.

शोरूममध्ये गाडी विकली की ते नारळ फोडायचे, हार घालायचे, फोटो काढायचे. नारळाचा आवाज आमच्या शेडपर्यंत यायचा. पहिल्या दिवसांत पप्पा इकडून टाळ्या वाजवायचे. नंतर टाळ्या बंद झाल्या.

"विक्री त्यांची वाढते आणि भाव माझा पडतो, हे कसलं गणित?"

तेव्हापासून सलीमचाचांनी मुकीचा भाव नारळात मोजायला सुरुवात केली. मी शाळेतून आले की विचारायचे, "चाचा, आज?"

"आज दो नारियल उतर गई बेटा."

दसऱ्याला तर आम्ही मोजणंच सोडून दिलं!

*

नरडाण्याकडचं एक कुटुंब आलं होतं. नवरा, बायको, सासूबाई. नवऱ्याला गाडी फार आवडली. बायकोलाही रंग आवडला. पप्पांनी बॅटरी, वॉरंटी, सगळं नीट समजावून सांगितलं. सासूबाई गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, लाइट गई ते?"

पप्पा हसले. "अक्का, आता पूर्वीसारखी लाइट कुठे जाते!"

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा सावकाश होत होत थांबला.

सासूबाईंनी पदर सावरला, उठल्या, आणि जाताना पप्पांना पाण्याचा ग्लास भरून देऊन गेल्या!

*

मुकी विकली जात नव्हती आणि नुसती उभी ठेवली तर बॅटरी बिघडते असं पप्पांनी ऐकलं होतं. म्हणून ते मला तिच्यातून शाळेत सोडायला लागले. त्याआधी आमच्याकडे डिझेलची जीप होती. तिच्यात बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, आणि ओरडणं मला जमत नाही. त्यामुळे मी मागे बसून आपली आपल्याशीच बोलायचे.

पहिल्या दिवशी मुकीतही तशीच बसले होते. पांझरेचा पूल आला. पाण्यात बगळे होते. मी म्हणाले, "आज सात बगळे आहेत. परवा लंगडा होता तो दिसत नाही. इंग्रजीच्या बाईंनी आज उभं केलं तर मी पोटात दुखतंय म्हणून सांगणार आहे."

पप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून बघितलं.

"लंगडा कोणता?"

मला वाटलं, ते फोनवर बोलतायत.

"अगं, तुला विचारतोय. लंगडा बगळा कोणता?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू एवढं बोलतेस?"

"रोज बोलते," मी म्हणाले. "जीपमध्ये ऐकू येत नव्हतं."

त्या दिवशी मला शाळेत उशीर झाला. नंतरही बऱ्याचदा झाला. पप्पांनी बगळे ओळखायला शिकून घेतले, आणि आबा एकदा मागच्या सीटवर बसून घरापर्यंत आमचं ऐकत आले.

पप्पांना गाडी विकायलाच हवी होती, नाहीतर दुसरी घ्यायला हातात काही नव्हतं. हे मला कळत होतं. तरी समोरून गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येताना दिसलं की माझ्या मनात यायचं, आता लाइट जावी!

*

मग पहूरच्या अक्का आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, एकट्या, हातात कापडी पिशवी. त्यांनी गाडी बाहेरून बघितली, आत बसून बघितली, दार चारदा लावून बघितलं. "माझ्या घरावर सोलर आहे," म्हणाल्या. "वीज उरते. तिचं काय करू?"

पप्पा चहा सांगायला गेले. शेडमध्ये मी आणि त्या.

"काय गं, हिचा भाव अजून पडेल का?"

मला माणसांशी बोलायला वेळ लागतो. त्यात त्या बाई! वर्गात उभं केल्यासारखं झालं.

"पडेल," मी म्हणाले.

त्याच वेळी पप्पा चहाचे कप घेऊन दारात आले होते. त्यांनी ऐकलं. कप त्यांच्या हातातच राहिले.

अक्का मोठ्यांदा हसल्या. "पडू दे की! रिटायर झाल्यापासून माझाही पडलाच आहे. मला कुठे विकायचंय!"

पप्पांनी कप खाली ठेवले. एक अक्कांसमोर आणि स्वतःचा माझ्यासमोर.

*

शुक्रवारी मुकी गेली. त्या दिवशी नारळ आमच्या शेडसमोर फुटला, आणि सलीमचाचांनी समोरच्या शोरूमला ऐकू जाईल इतक्या जोरात फोडला! आबांनी बॉनेटला हळद-कुंकू लावलं. मी मागच्या सीटवर राहिलेली माझी शाळेची मोजपट्टी उचलून घेतली. अक्कांचा भाचा चालवायला बसला. आवाज नव्हताच, त्यामुळे गाडी नेमकी कधी निघाली ते मला कळलं नाही. बघितलं तेव्हा ती रस्त्याला लागली होती.

शनिवारी दुपारी अक्कांचा फोन. पहूरला पोचेपर्यंत बॅटरी तळाला गेली आणि गाडीत चार्जिंगची वायरच नाही!

पप्पांनी आणि चाचांनी अख्खं शेड पालथं घातलं. उभ्या गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या. सीटखालच्या वस्तूंचा डबासुद्धा ओतला. वायर नाही. आबा खुर्चीवर शांत बसून सगळं बघत होते. शेवटी चाचांनी आबांच्या पाठीमागे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला वायर टांगलेली. नीट गोल वेटोळं घातलेलं आणि त्याला हळद-कुंकू!

"आबा, ही वायर इथे कशी?"

"वायर नही, दावं शे ते," आबा म्हणाले. "ढोर इकं की दावं देवानं नसस. दावं घरमा राहिनं की लक्ष्मी घरमा ऱ्हास."

पप्पांनी कपाळावर हात मारला. "आबा, विकून दावं ठेवून घ्यायला तो बैल नाही, गाडी आहे! याच्याशिवाय ती जागची हलणार नाही. आणि रोज सकाळी तिला ही वायर लावत कोण होतं? तुम्हीच ना?"

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"उद्या रविवार शे," ते पप्पांना म्हणाले. "पोरले लई जाय पहूरले."

मग त्यांनी खिळ्यावरून वेटोळं काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि खाली वाकून, फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "तिले पोटभर पाज. आनि दावं परत ली येजो!"