खिशातला कांदा

२००६च्या जुलैत मी थंड हवेच्या रेडमंडहून कामासाठी प्लेनोला गेलो, तेव्हा पार्किंग लॉट ओलांडतानाही भाजून निघायचो. क्लायंटच्या ऑफिसातले एक नागपूरचे काका मला रोज हॉटेलवरून राइड देत. ऊन लागू नये म्हणून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कांदा असायचा. एसी फुल, तरी कांदा असायचाच. उतरताना डोक्याला रुमालही बांधत.

मी सीटबेल्ट लावला की काका सुरू. "सांग बरं, आजच्या दिवशी काय झालं होतं?" मग कुठे पूल पडला, कुठला राजा पळाला, सगळं सालासकट. खरं का खोटं, देव जाणे. मी आपला "अच्छा" म्हणायचो.

एका सकाळी म्हणाले, "आजच्या दिवशी एक जण भर उन्हात उघड्या डोक्याने बाहेर पडला."

मी नावाची वाट पाहिली. नाव आलं नाही.

"कोण, काका? कुठला राजा?"

"आपली एक्झिट आली," हायवेवरून गाडी बाहेर काढत ते म्हणाले.

ऑफिसपाशी त्यांनी कांदा माझ्या खिशात टाकला, रुमाल माझ्या हातात दिला आणि स्वतः तसेच, उघड्या डोक्याने, उन्हातून सावकाश चालत गेले. हाक मारावी की नाही, मला कळेना.